गाड्यांना म्हातारपण

माझ्या बायकोनं माझा धंदा बुडवला, ही शिरवळमधली जुनी चेष्टा. कुणाकडं नवा पाहुणा आला की मला पुढं करून सांगतात, "हे संपत भरगुडे. ह्यांचं हायवेला गॅरेज होतं, आणि ह्यांच्या मंडळींनी न बिघडणारी गाडी काढली." मग सगळे हसतात. मीही हसतो. नाही हसलो तर चेष्टा लांबते, एवढं मला कळून चुकलंय.

चेष्टा खरी आहे. सुवर्णा 'रोहिडा मोटर्स'च्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. लग्न ठरलं तेव्हा तिच्या पगारापेक्षा माझ्या गॅरेजचा गल्ला मोठा होता, आणि सासऱ्यांनी त्या गल्ल्याकडं बघूनच मुलगी दिली. आमच्या रांगेत तेव्हा मेकॅनिक, डेंटर, पेंटर, टायरवाले अशी दुकानाला दुकान लागून होती. घाटात दमलेली प्रत्येक गाडी आमच्याच दारात यायची. मला एका जागी बसवत नाही, लहानपणापासूनच नाही, त्यामुळं ते काम मला मानवलं होतं. एक गाडी खाली उतरवली की दुसरी चढवायची.

मग सुवर्णाचा शेक आला.

विजेवरच्या गाडीची बॅटरी मरते कशी, हे तिनं मला जेवताना ताटावर समजावून सांगितलं होतं. चार्जिंग करताना बॅटरीच्या आत विद्युतभार असलेले कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, गाडी चालवताना परत येतात. ह्या ये-जा करण्यात आतला पदार्थ किंचित फुगतो, किंचित आकसतो. रोज तेच. त्यानं डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, तड्यांमुळं कणांच्या वाटा तुटतात, आणि आठ-दहा वर्षांत बॅटरी थकते. सुवर्णाच्या गटानं आत द्रवाऐवजी एक घट्ट, रबरासारखा पदार्थ घातला. त्याच्या रेणूंचे बंध असे, की साठ अंशांच्या आसपास ऊब मिळाली की सुटतात आणि निवताना नव्यानं जुळतात. म्हणून रोहिडाची गाडी चार्जिंग संपल्यावर स्वतःच अर्धा तास बॅटरी गरम ठेवते. पदार्थ मऊ पडतो, तड्यांत शिरतो, सांधा जुळतो. भाकरी थापताना कड फुटली की बाई ओलं बोट फिरवते, तेवढंच ते. प्रयोगशाळेतल्या मुली त्या अर्ध्या तासाला गमतीनं 'शेक' म्हणायच्या, आणि पुढं कंपनीच्या कागदांतसुद्धा तेच नाव पडलं.

बॅटरीवर भागलं असतं तर आमचं थोडंफार चाललं असतं. पण तीच युक्ती त्यांनी टायरांच्या रबरात घातली आणि गाडीच्या रंगातही घातली. ओरखडा आला तर गाडी दिवसभर उन्हात उभी करायची, बस. लोक तिला 'अमरपट्टा' म्हणायला लागले. सात-आठ वर्षांत आमची रांग ओस पडली. ज्या खड्ड्यात उभं राहून मी गाड्यांची पोटं तपासायचो, त्यावर फळ्या टाकल्या, आणि तिथं मिरची-हळदीचं कांडप सुरू केलं. डंक दिवसभर आपटतो, तेवढी धडधड तरी ऐकायला मिळते.

मग पाळी कंपनीची आली. ज्याला ज्याला गाडी हवी होती त्याच्याकडं गाडी झाली, आणि ती मरेना. बाहेरच्या देशांतल्या कंपन्या शहाण्या निघाल्या. त्यांनी गाड्या विकणंच सोडलं आणि भाड्यानं द्यायला लागल्या. भाड्यानं देणाऱ्याला न मरणारी गाडी म्हणजे कायमची दुभती म्हैस. आमच्या देशी कंपनीनं मात्र चोख माल बनवला, प्रत्येकाला एकेक विकला, आणि गिऱ्हाईक संपलं म्हणून हात चोळत बसली. तीन पाळ्यांची एक झाली. मग तीही आठवड्यातून तीनच दिवस. शेवटी कंपनीनं राज्य सरकारकडं हात पसरला. सरकारनं समिती नेमली, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी शिरवळच्या मंगल कार्यालयात जनसुनावणी ठेवली. बुडत्या कंपनीला लोकांच्या पैशातून वाचवावं की नाही, ज्याला जे वाटेल ते त्यानं येऊन सांगायचं.

आमच्या रांगेतली जुनी माणसं कांडपात जमली. इक्बाल मुजावर सगळ्यांच्या पुढं. एके काळी त्याच्या हातचा रंग कंपनीच्या रंगाशेजारी ओळखू यायचा नाही. आता तो घरांच्या भिंती रंगवतो.

"कंपनी बुडाय लागली की समिती," इक्बाल म्हणाला. "आमची रांग बुडली तवा कुठली समिती आलती? मोठ्याला सर्दी झाली तर गावभर बोंब, आन् आमी मेलो तरी कुणाला पत्ता न्हाई. संपत, तू बोलायचं. तुझ्या घरात दोन्ही बाजू हायत, तुझं ऐकतील."

मी हो म्हटलं. मला बोलायचंच होतं, कित्येक वर्षांपासून बोलायचं होतं.

त्याच संध्याकाळी विलास आला. विलास माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, माझ्या हाताखाली पाने-पकडी उचलत मोठा झाला. आता रोहिडाच्या जोडणी विभागात पंधरा-वीस माणसं त्याच्या हाताखाली होती. चहा पुढं ठेवला तर त्यानं कपाला हात लावला नाही.

"दादा, तू विरोधात बोलणार म्हणं."

"बोलणार."

"माझ्या विरोधात."

"कंपनीच्या विरोधात."

"मी कंपनीतच हाय की," तो म्हणाला. "मी पन्नाशीला टेकाय लागलो. मला आता कोण घेणार? तू गॅरेज मोडून कांडप घातलंस, कारण जागा तुझी होती. माझ्याकडं काय हाय? दोन हात, आन् ते बी फक्त रोहिडाच्या गाडीला सवकलेले."

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी दोघा भावांत तिचा एखादा शब्द ठरलेला असतो. त्या दिवशी ती विलासच्या हातांकडं बघत राहिली. विलास गेल्यावर ती अंगणात गेली, तर मीही मागं गेलो. आमच्या गाडीचं चार्जिंग नुकतंच संपलं होतं आणि शेक सुरू होता. ती बॉनेटवर हात टेकून उभी होती.

"त्यांना माझी सही हवीय," ती म्हणाली.

"कशावर?"

"गाड्यांना नवी सुधारणा पाठवायचीय. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना, एकाच वेळी. आगीचा धोका टाळण्यासाठी शेक बंद करायचा, असं म्हटलंय."

"धोका आहे?"

"नाही. इतक्या वर्षांत एकही आग नाही."

मी गाडीकडं बघितलं. बॅटरीच्या पंख्याची बारीक घरघर चालू होती.

"शेक बंद झाला तर काय होईल?"

"जे सगळ्या बॅटऱ्यांचं होतं तेच. तडे साठत जातील. पाच-सहा वर्षांत निम्म्या गाड्या थकतील. टायरांच्या आत जी ऊब देणारी तार आहे तीही ह्याच आज्ञेवर चालते, म्हणजे टायरही जातील. मग लोक नव्या घेतील." तिनं हात काढून घेतला. "समितीला जो आराखडा दिलाय त्यात तिसऱ्या वर्षापासून विक्री वर चढताना दाखवलीय. कशानं चढते ते कुठं लिहिलेलं नाही. त्या चढावावर सरकारची मदत अवलंबून, आणि तो चढाव माझ्या सहीवर. बॅटरी विभागाची प्रमुख म्हणून धोक्याचा दाखला मीच द्यायचा."

"नाही दिलास तर?"

"मदत नाही. मदत नाही तर कंपनी नाही. विलासभावजी, त्यांची माणसं, सुटे भाग बनवणारे ते सगळे छोटे कारखाने, सगळंच." मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नका. मला विचार करू द्या."

मी मान हलवली. पण मला झोप लागेना. एवढी मोठी लबाडी पोटात घेऊन मी सोमवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. सकाळीच इक्बालला गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. मला वाटलं, तो पेटेल. आपण मेलो ते मेलो, आता हे लोकांच्या चालत्या गाड्या मारून जगणार, असं काहीतरी बोलेल, आणि सुनावणीत आम्ही दोघं मिळून धुरळा उडवू.

हातातला ब्रश डब्यावर ठेवून इक्बाल खाली बसला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे गाड्या बिघडणार?"

"बिघडणार."

"रंग बी जाणार?"

"रंगाला ऊन पुरतं. पण टायर जातील, बॅटऱ्या जातील. रांग जागी झाली की ठोकल्याठाकल्याची कामंही येतील."

तो उठला आणि चालायला लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या रांगेत कितीतरी वर्षांनी शटरांचा आवाज झाला. गंजलेली शटरं वर जायला तयार नव्हती, तर चार-चार जण खांदे लावत होते. इक्बालनं कॉम्प्रेसर बाहेर काढून धुतला. टायरवाल्यानं फलक पुसला. कुणीतरी रॉकेलच्या डब्यात जुने पाने बुडवले आणि तो वास माझ्या कांडपापर्यंत आला. मी किती वर्षं त्या वासाशिवाय काढली होती, ते तेव्हा कळलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मीच पोती बाजूला केली, फळ्या उचलल्या आणि खड्ड्यात उतरलो. खाली उभं राहून वर बघितलं. वर गाडी नव्हती, पण मला इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

खरी चूक आम्ही खंडेनवमीला केली. त्या दिवशी हत्यारं पुजायची. ही रीत कारखान्यात आहे तशी गॅरेजातही आहे. दुकानं बंद पडल्यापासून रांगेत कुणी पूजा घातली नव्हती, कारण पुजायला हत्यारं होती पण ती उचलायची कशाला, हा प्रश्न होता. ह्या वर्षी मात्र प्रत्येक दारात पाट मांडला. पाने, जॅक, हातोड्या धुऊन-पुसून ओळीनं लावल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. इक्बालनंही आपली रंगाची बंदूक माझ्या पाटावर आणून ठेवली, पूर्वी ठेवायचा तशी. एवढं उघड सगळं करताना आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, की कंपनीतून घरी जायची सुवर्णाची वाट ह्याच रांगेवरून जाते.

ती आली. टायरवाल्यानं तिला थांबवून हातावर पेढा ठेवला. "वैनी, पयला पेढा तुम्हाला. तुमच्या सहीची वाट बघतुय आम्ही."

तिनं पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि रांगेतला एकेक पाट बघत माझ्या दारापर्यंत आली. माझ्या पाटावरचे पाने बघितले. उघडा खड्डा बघितला.

"सांगितलंत," ती म्हणाली.

"मला वाटलं, ते चिडतील."

"आणि तुम्ही?"

मी फुलं नीट करायला लागलो.

घरी आल्यावर तिनं पर्स खुंटीला लावली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "मला एकच सांगा. तुम्हाला काय हवंय?"

"विलासची नोकरी राहील. इक्बालचं दुकान उघडेल. गावात..."

"गावाचं नाही विचारलं. तुम्हाला."

 तिच्या डोळ्यांसमोर मी गॅरेज हवंय असं म्हणू शकत नव्हतो. त्या शेकावर तिनं सगळी तरुण वर्षं घातली होती. आम्हाला मूल झालं नाही, आणि लोक जे बोलायचे ते ती ऐकून घ्यायची आणि सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जायची. मी ते बघितलेलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सोमवारी तुम्ही बोलणार आहात. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणा, गाड्या बंद पाडा. मी त्याच जागी सही करते. पण घरात कुजबुजून, पेढे वाटून मी नाही करायची. मारा म्हणणारा माणूस मला समोर दिसला पाहिजे."

सोमवारी मंगल कार्यालय खच्चून भरलं. एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला आमची रांग, वरपक्ष आणि वधूपक्ष बसावेत तशी. मधल्या खुर्च्यांवर गाव. व्यासपीठावर समिती आणि तिच्या अध्यक्षा सबनीस बाई. निवृत्त सनदी अधिकारी, आवाज बारीक, पण समोरचा माणूस मुद्दा सोडून भरकटला की त्याला तिथंच आणून उभं करायच्या. बाजूच्या टेबलावर कंपनीचे कारखानाप्रमुख कर्णिक, आणि त्यांच्या शेजारी सुवर्णा.

आधी एक निवृत्त मुख्याध्यापक बोलले. "कंपनी नफ्यात होती तेव्हा नफा तिचा. आता तोटा झाला तर तो आमचा, ही कुठली वाटणी? माझ्या नातवाच्या शाळेला छप्पर नाही. आधी ते घाला."

मधल्या खुर्च्यांवर टाळ्या पडल्या. मग विलास उठला. कागद हातात होता, पण त्यानं तो बघितला नाही.

"गुरुजी म्हणत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. "पण नदीला पूर आला तर सरकार येतं. तवा कुणी इचारत न्हाई, घर नदीकाठी का बांधलं म्हणून. आमचा पूर पाण्याचा न्हाई, म्हणून येऊ नगं का? आमी वाईट गाडी केली असती तर गोष्ट येगळी. आमी चांगली गाडी केली, म्हणून मरतुय."

 मला भावाचा अभिमान वाटला. त्यानंतर माझं नाव पुकारलं.

मी उठलो. सुवर्णाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तिच्यासमोर दाखल्याचा कागद होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. 'गाड्या बंद पाडा' एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, "अध्यक्ष महोदया, आम्ही गॅरेजवाले. आमचं नुकसान झालं, तेव्हा कुणी विचारलं नाही. पण आम्ही तो राग धरत नाही. कंपनी वाचली तर गाव वाचेल. त्यासाठी लोकांनी थोडी झळ सोसावी, असं आमचं म्हणणं आहे."

आमच्या बाजूनं जोरात टाळ्या वाजल्या. इक्बालनं मान डोलावली. त्याच्या लग्नात मंडप उभा राहिला तेव्हा बघितलं होतं, तशा नजरेनं विलास माझ्याकडं बघत होता. मी खाली बसायला वळलो.

"अध्यक्ष बाई, साक्षीदाराला मला एक प्रश्न विचारायचाय," सुवर्णा म्हणाली.

सबनीस बाईंनी हात केला. सुवर्णानं ध्वनिक्षेपक पुढं ओढला.

"संपत भरगुडे," ती म्हणाली.

आमच्याकडं बायका अजूनही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शिकलेली असो, नोकरी करणारी असो, 'अहो' म्हणजे मी. लग्नात मांडवाच्या दारात जे घेतलं असेल तेच, त्यानंतर तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. सभागृहात काही बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मी परत तिच्याकडं वळलो.

"झळ म्हणजे काय, ते स्पष्ट सांगा. लोकांच्या चालत्या गाड्या बंद पडाव्यात, असं तुमचं म्हणणं आहे का?"

कर्णिक तिच्याकडं झुकून काहीतरी पुटपुटले. इक्बाल मला डोळ्यांनी 'नाही' सांगत होता. नाही म्हणणं सोपं होतं. मग ती सही करणार नव्हती, आणि कंपनी बुडाली तर दोष तिच्या एकटीच्या माथी बसला असता. विलासनं तिला कधी माफ केलं नसतं. गप्प बसलो असतो तरी तेच. आणि माझ्या आत जे होतं ते तिला ठाऊक होतं, पेढ्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्यासमोर लपवण्यासारखं माझ्याकडं काहीच शिल्लक नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "बंद पडाव्यात. मला माझं गॅरेज परत हवंय. माझ्या भावाची नोकरी राहायला हवीय. त्यासाठी ह्या लोकांच्या चांगल्या गाड्या बिघडल्या तरी मला चालतील. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. मला हवंय, एवढंच."

 मग मुख्याध्यापक उभे राहिले. "आमच्या गाड्या का बिघडतील?"

"तेच मीही विचारते आहे," सबनीस बाई म्हणाल्या. "कशा बिघडतील?"

सुवर्णानं सांगितलं. शेक म्हणजे काय, तो काढला तर काय होतं, आराखड्यातली विक्री कशानं चढते. मला ताटावर समजावून सांगितलं होतं तसंच, न अडखळता. कर्णिक म्हणाले, "मॅडम, ही कंपनीची गोपनीय बाब आहे," तर ती म्हणाली, "गाड्या लोकांच्या आहेत." मग तिनं पेन उचललं.

"मी ह्यांना शब्द दिला होता. ह्यांनी सगळ्यांसमोर मागितलं तर मी सही करेन. त्यांनी मागितलं. मी आता सही करायला तयार आहे. फक्त दाखल्यात आगीचं लिहू नका. लिहा, गाड्यांना म्हातारपण यावं म्हणून."

सबनीस बाईंनी समोरचा आराखडा मिटला. "असं लिहिलं तर मला मदतीची शिफारस करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"आणि तसं न लिहिता?" सुवर्णानं विचारलं.

"आता तेही करता येणार नाही."

मग जो गोंधळ उडाला तो सांगण्यात अर्थ नाही. खुर्च्या पडल्या. कंपनीवर ओरडणारे होते, सरकारवर ओरडणारे होते, पण बहुतेक जण माझ्यावर ओरडत होते. इक्बाल गर्दीतून बाहेर जाताना फक्त एवढंच म्हणाला, "खोटं बोलाय येत न्हाई, तर उभा कशाला राहिलास?" विलास माझ्यासमोर येऊन थांबला. मला वाटलं, हात उगारेल. त्यानं उगारला असता तर बरं झालं असतं.

"वैनीनं सही न्हाई केली असती, तर मी तिला समजावलं असतं," तो म्हणाला. "तू 'हो' म्हणालास दादा. मला पायजे तेच म्हणालास. आता मी कुणावर चिडू?"

समितीचा निकाल हिवाळ्यात लागला. कंपनीला मदत नाही. कामगारांना वर्षभर थोडा भत्ता आणि नवं काम शिकवण्याची सोय. शेकाचं तंत्र एका बसगाड्या बनवणाऱ्या संस्थेनं विकत घेतलं. जोडणी विभाग बंद झाला आणि दारावर पहारेकरी बसला. रांगेतली शटरं पुन्हा खाली आली. सुवर्णाला बसवाल्यांचं बोलावणं आलंय, ती अजून काही ठरवत नाही. सध्या माझ्याबरोबर कांडपात बसते, नाकाला पदर लावून हळद चाळते. अधूनमधून एखादा माणूस येतो, गाडी दारात उभी करतो आणि म्हणतो, ताई, तुमच्यामुळं वाचली. त्याच दिवशी दुसरा कुणी तिच्याकडं न बघता तिखट घेऊन जातो.

सरकारनं मदत द्यायला हवी होती का, हे मला आजही ठरवता येत नाही. कंपनीला दिली असती तर ती लबाडी झाली असती, हे कळतं. नाही दिली म्हणून विलाससारखी माणसं रस्त्यावर आली, हेही दिसतं. दिवसभर हे दोन्ही डोक्यात आळीपाळीनं फिरतं आणि मी उगीच उठून डंकाचे नट आवळत बसतो. ते आधीच आवळलेले असतात. गॅरेज मला अजूनही हवंय, हे आता मी मोकळेपणानं म्हणतो.

विलासला तमिळनाडूत होसूरला काम लागलं, भाड्याच्या गाड्यांच्या डेपोत. संक्रांत झाली आणि तो निघाला. टपावर सामान बांधलेलं, मागं बायको आणि दोन्ही मुलं. सुवर्णाच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण वर बघितलं नाही. मी सवयीनं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरांना पाय लावून बघितला, बॉनेट उघडायला गेलो.

"काय बघतुयास?" तो म्हणाला. "ह्यात बघण्यासारखं काय न्हाई."

"पोचलास की फोन कर."

त्यानं मान हलवली आणि गाडी रस्त्याला घातली. त्याला आता महिना झाला.

पूर्वी त्याच्याकडं एक जुनी मोटारसायकल होती, आठवड्याला रुसायची. आमचं भांडण झालेलं असलं, आठ-आठ दिवस बोलणं बंद असलं, तरी ती बंद पडली की तो ढकलत माझ्याच दारात आणायचा. तोंड वाकडं करून उभा राहायचा. मी पाना घ्यायचो, तो उजेडाला बॅटरी धरायचा, मी म्हणायचो, जरा इकडं धर, तो म्हणायचा, धरलीय की. काम संपेपर्यंत बोलणं सुरू झालेलं असायचं.

काल मी कांडपाच्या दारात उभा राहून हायवेकडं बघत होतो. सुवर्णा चाळणी ठेवून माझ्याजवळ आली.

"येईल भावजींचा फोन," ती म्हणाली.

"कशाला येईल?" मी म्हटलं. "त्याची गाडी बंद पडायची नाही."